शिखर गाठता आले असते. पण परतीचे काय?

4 जून 1924. एव्हरेस्टच्या उत्तर अंगावर, सुमारे 8,570 मीटर उंचीवर, एडवर्ड नॉर्टन हे ब्रिटिश सेनाधिकारी एकटेच उभे होते. त्यांच्या पाठीवर प्राणवायूचे सिलिंडर नव्हते. न थांबता सलग वीस पावले चढायची असा त्यांचा संकल्प होता. प्रत्यक्षात तेरा पावलांच्या आसपासच दम संपत होता. गेल्या तासाभरात ते जेमतेम शंभर फूट, म्हणजे तीस मीटर, वर सरकले होते. दुपारचा एक वाजला होता आणि शिखर अजून 280 मीटर वर होते. सुखरूप परतायचे असेल, तर उरलेल्या दिवसात एवढे अंतर चढून जाणे शक्य नाही, असा हिशेब त्यांनी मांडला आणि ते मागे वळले.

बरोबर चार दिवसांनी, 8 जूनला दुपारी 12 वाजून 50 मिनिटांनी, त्याच मोहिमेतील भूशास्त्रज्ञ नोएल ओडेल यांना ढगांच्या फटीतून पर्वताच्या ईशान्य धारेवर दोन काळे ठिपके वर सरकताना दिसले. ते होते 37 वर्षांचे जॉर्ज मॅलरी आणि 22 वर्षांचे अँड्र्यू अर्व्हिन. काही क्षणांतच ढग मिटले. त्यानंतर त्या दोघांना कोणीही जिवंत पाहिले नाही.

हिलरी आणि तेनसिंग यांनी 29 मे 1953 रोजी शिखरावर पाऊल ठेवले. त्याच्या एकोणतीस वर्षे आधीच मॅलरी आणि अर्व्हिन तेथे पोहोचले होते काय, हा प्रश्न शंभर वर्षांनंतरही गिर्यारोहकांना स्वस्थ बसू देत नाही. लोकरी आणि रेशमी कपडे, खिळे ठोकलेले चामडी बूट, कमरेला बांधलेला सुती दोर आणि गळकी प्राणवायूची यंत्रे एवढ्या सामग्रीवर जगातील सर्वोच्च शिखर गाठणे मानवी शरीराला शक्य होते काय? हा प्रश्न इतिहासाचा आहे, तितकाच आरोग्यशास्त्राचाही आहे. आणि त्याचे उत्तर शोधताना उंचावर जाणाऱ्या कोणाच्याही उपयोगी पडेल असे बरेच काही हाती लागते.

शरीर काय करू शकते?

प्रथम शरीराचा विचार करू. उंचावरील हवेत प्राणवायूचे प्रमाण कमी होते, असे आपण सहज बोलून जातो. वस्तुतः ते प्रमाण सगळीकडे सारखेच, म्हणजे सुमारे एकवीस टक्के असते. कमी होतो तो वायुदाब. समुद्रसपाटीला पाऱ्याचा स्तंभ 760 मिलिमीटर असतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर 1981 साली एका अमेरिकी वैद्यकीय मोहिमेने प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा तो 253 मिलिमीटर भरला. म्हणजे प्रत्येक श्वासागणिक प्राणवायूचा पुरवठा एक-तृतीयांशावर येतो. त्या उंचीवर उत्तम सराव असलेल्या गिर्यारोहकाचे शरीरसुद्धा समुद्रसपाटीच्या तुलनेत जेमतेम पाव प्रमाणात प्राणवायू वापरू शकते. त्यातला मोठा हिस्सा नुसत्या श्वासोच्छ्वासाच्या कष्टातच खर्च होतो.

ही मोजणी होण्याच्या साठ वर्षे आधी अलेक्झांडर केलास या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने याच प्रश्नाचे उत्तर कागदावर शोधले होते. हिमालयातील स्वतःच्या चढायांचा अनुभव आणि शरीरशास्त्राची गणिते यांची सांगड घालून 1920 साली त्यांनी असा निष्कर्ष काढला की, उत्तम प्रकृतीचा आणि उत्तम सराव असलेला माणूस कृत्रिम प्राणवायूविना एव्हरेस्टवर पोहोचू शकेल. मात्र वाट फार अवघड नसावी. दुर्दैवाने 1921 च्या पहिल्या पाहणी मोहिमेत, एव्हरेस्टच्या वाटेवरच, त्यांचा मृत्यू झाला. त्यांचा निष्कर्ष मात्र टिकला. 8 मे 1978 रोजी राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर यांनी सिलिंडरविना शिखर गाठले. पुढे 20 ऑगस्ट 1980 रोजी मेसनर एकटेच उत्तर बाजूने, पुन्हा सिलिंडरविना, माथ्यावर गेले. त्या चढाईत ते ज्या घळीतून वर गेले, तिथूनच 1924 साली नॉर्टन मागे वळले होते. म्हणजे शरीराच्या बाजूने ‘अशक्य’ हा शब्द वापरता येत नाही.

जुन्या मोहिमांच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती, आणि ती म्हणजे त्यांची संथ गती. 1924 ची तुकडी मार्चच्या अखेरीस दार्जिलिंगहून निघाली आणि तिबेटच्या पठारावरून महिनाभर चालत एप्रिलच्या अखेरीस पायथ्याला पोहोचली. या वाटचालीत शरीर हळूहळू उंचीशी जुळवून घेते. श्वास खोल आणि जलद होतो. त्यामुळे रक्ताचा बिघडलेला आम्ल-अल्कली समतोल मूत्रपिंडे काही दिवसांत सावरतात. आणि काही आठवड्यांत रक्तातील तांबड्या पेशी वाढतात. या कामाला दुसरा पर्याय नाही आणि त्यात घाई चालत नाही. ओडेल यांचेच उदाहरण पाहा. आरंभी ते उंचीशी जुळवून घेण्यात इतरांच्या मागे होते. पुढे मात्र त्यांचे शरीर असे तयार झाले की, चार दिवसांत दोन वेळा ते 8,100 मीटरच्या वरच्या सहाव्या तळापर्यंत सिलिंडरच्या मदतीविना जाऊन आले. एकदा त्यांनी यंत्र पाठीवर घेऊन पाहिले, पण त्याचा विशेष लाभ त्यांना जाणवला नाही.

या अनुकूलनालाही मर्यादा असते. साडेपाच हजार मीटरच्या वर दीर्घकाळ राहिल्यास शरीर सुधारत नाही, झिजू लागते. भूक मंदावते, झोप तुटते, स्नायू घटतात. 1924 च्या मोहिमेने हे सारे भोगले. आरंभीच्या थंडीच्या तडाख्यातच शमशेर पुन हे गुरखा सैनिक मेंदूतील रक्तस्रावाने, तर मनबहादूर हे मोहिमेचे चर्मकार पाय गोठल्याने झालेल्या विकाराने दगावले. नॉर्टन यांच्याबरोबर चढणारे शल्यचिकित्सक हॉवर्ड सॉमरवेल यांचा घसा गोठवणाऱ्या कोरड्या हवेने इतका सोलवटला होता की, उतरताना घशातील मृत त्वचेचा पापुद्रा श्वासनलिकेत अडकून ते गुदमरले. छातीवर दोन्ही हातांनी दाब देऊन त्यांनी तो खोकून बाहेर टाकला, म्हणून वाचले. हेच सॉमरवेल पुढे दक्षिण भारतात नेय्यूरच्या रुग्णालयात अनेक वर्षे रुग्णसेवा करीत राहिले.

रेशीम, लोकर आणि गॅबर्डीन

आता कपड्यांकडे वळू. मॅलरींची जुनी छायाचित्रे पाहिली की, शिकारीला किंवा फिरायला निघालेले गृहस्थ वाटावेत असा त्यांचा वेश दिसतो. त्यामुळे ‘असल्या कपड्यांत एव्हरेस्ट?’ असा उपहास अनेक वर्षे चालत आला. 1999 साली मॅलरींचा देह सापडला, तेव्हा त्यांच्या अंगावरील वस्त्रांचे अवशेष अभ्यासकांच्या हाती आले. त्यांवरून कापडाचे धागे, विणीचे प्रकार आणि थरांचा क्रम ओळखून तंतोतंत तसाच पोशाख तयार करण्यात आला. 2006 साली ग्रॅहॅम हॉयलंड यांनी तो घालून एव्हरेस्टच्या उत्तर बाजूला प्रत्यक्ष चालून पाहिले.

निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित होता. तो पोशाख वजनाने हलका, हालचालीस मोकळा आणि पुरेसा उबदार ठरला. त्याचे रहस्य थरांत होते. रेशमी, सुती आणि लोकरी वस्त्रे एकावर एक घातली की, प्रत्येक दोन थरांमध्ये हवेचा पातळ पापुद्रा अडकतो; ऊब धरून ठेवते ती ही अडकलेली हवा. रेशीम लोकरीवरून सहज घसरते, त्यामुळे हात वर उचलताना किंवा पाय उंच टाकताना कपडे ओढले जात नाहीत. सर्वांत वर घट्ट विणीचे गॅबर्डीन वारा अडवते. आजही गिर्यारोहकांना एकच जाड कपडा न घालता थरांचे कपडे घालण्याचा सल्ला दिला जातो, त्यामागे हेच तत्त्व आहे.

पण या पोशाखाची एक अट होती: शरीर हलते असायला हवे. चालणारा माणूस स्वतःच उष्णता निर्माण करतो आणि कपडे ती राखतात. तोच माणूस जखमी होऊन बसला, वाट चुकून थांबला किंवा रात्र उघड्यावर काढण्याची वेळ आली, तर त्या कपड्यांत निभाव लागणे कठीण होते. जॉर्ज फिंच यांनी 1922 सालीच फुग्याच्या कापडात पक्ष्यांची मऊ पिसे भरून कोट शिवून घेतला होता. त्या वेळी सहकाऱ्यांना त्याचे हसू आले. आज प्रत्येक हिमशिखरावर त्याच कोटाची सुधारित आवृत्ती दिसते. मॅलरींच्या अंगावर तसा कोट नव्हता.

दोन सिलिंडरांचे गणित

तिसरा प्रश्न प्राणवायूचा. 1922 साली फिंच आणि जेफ्री ब्रूस यांनी सिलिंडरच्या साहाय्याने सुमारे 8,320 मीटर गाठून यंत्राची उपयुक्तता सिद्ध केली होती. वादळात अडकलेल्या रात्री तंबूत पडल्या पडल्या प्राणवायू घेतल्यावर गारठलेल्या हातापायांत ऊब परतते, हेही फिंच यांच्या लक्षात आले होते. शरीरातील उष्णता ही शेवटी प्राणवायूच्या साहाय्याने अन्न जाळूनच तयार होते. प्राणवायू तुटला की थंडी अधिक झोंबते.

1924 ची यंत्रे मात्र नाजूक होती. अनेक सिलिंडर प्रवासातच गळून रिकामे झाले होते. ऑक्सफर्डमध्ये अभियांत्रिकी शिकणारे तरुण अर्व्हिन दिवसचे दिवस तंबूत बसून ती यंत्रे उलगडत, दुरुस्त करीत आणि हलकी करीत. उंचीशी अधिक जुळलेल्या ओडेल यांच्याऐवजी मॅलरींनी अर्व्हिन यांना जोडीदार म्हणून निवडले, त्याला त्यांचे हे यंत्रकौशल्य मुख्यत्वे कारण झाले. त्या वेळी अर्व्हिन यांच्या चेहऱ्याची त्वचा उन्हाने आणि वाऱ्याने सोलून निघाली होती.

वरच्या तळावरून खाली पाठवलेल्या चिठ्ठीत मॅलरींनी ओडेल यांना कळवले की, बहुधा दोन सिलिंडर घेऊन जाऊ, पण चढताना हे ओझे फार जड होते. त्या काळच्या एका सिलिंडरमध्ये सुमारे 535 लिटर प्राणवायू मावत असे. मिनिटाला 2.2 लिटर या पूर्ण गतीने तो सोडला तर एक सिलिंडर चार तास पुरतो, दोन सिलिंडर आठ तास. सहावा तळ सुमारे 8,150 मीटरवर होता. म्हणजे शिखरापर्यंतची उभी चढाई जवळजवळ 700 मीटर.

1924 सालचे एक रिकामे सिलिंडर पुढे या धारेवर, ‘पहिली पायरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खडकाच्या थोडे अलीकडे, सुमारे 8,475 मीटरवर सापडले. पहिले सिलिंडर चार तासांनी तेथे संपले असे धरले, तर दोघांची गती ताशी 80 मीटरच्या आसपास येते. नॉर्टन यांच्या अखेरच्या तासातील तीस मीटरशी ताडून पाहता ही गती उत्तमच म्हणावी लागेल. पण उरलेली 370 मीटर चढाई त्याच गतीने करायची, तर साडेचार तासांहून अधिक वेळ हवा आणि दुसरे सिलिंडर चार तासच पुरणार. वाटेतील अवघड कड्यावर जाणारा वेळ यात धरलेलाच नाही. म्हणजे शिखराच्या थोडे खालीच प्राणवायू संपणार आणि उतरणीचा सारा प्रवास त्याच्याशिवाय करावा लागणार. आजच्या गिर्यारोहकाचे सिलिंडर साडेतीन किलोच्या आसपास असते, त्यात याच्या दुपटीहून अधिक वायू असतो आणि वाटेत राखीव सिलिंडरही ठेवलेली असतात.

दुसरी पायरी

पहिल्या पायरीच्या पुढे, सुमारे 8,600 मीटरवर, ‘दुसरी पायरी’ उभी आहे. हा कडा तीसेक मीटरांचा असून त्याचा वरचा काही मीटरांचा भाग जवळजवळ सरळ उभा आहे. 1975 साली चिनी गिर्यारोहकांनी तेथे धातूची शिडी बसवली आणि आज बहुतेक सारे शिडीवरूनच वर जातात. शिडी नसताना काय होत असे, याची साक्ष 1960 ची चिनी मोहीम देते. त्या मोहिमेतील चू यिनह्वा यांनी खडकाला पकड मिळावी म्हणून बूट काढले आणि सोबत्याच्या खांद्यावर उभे राहून ते वर चढले. मोहीम शिखरापर्यंत पोहोचली. पण हिमदंशाने त्यांना पायाची बोटे गमवावी लागली. पुढे 2007 साली कॉनरॅड अँकर आणि लिओ हाउल्डिंग यांनी शिडी काढून ठेवून हाच कडा हातापायांच्या बळावर चढून दाखवला.

मॅलरी हे त्यांच्या पिढीतील अत्यंत कुशल प्रस्तरारोहक मानले जात. त्यामुळे तो कडा त्यांच्या आवाक्याबाहेरच होता, असे ठामपणे म्हणता येत नाही. पण खडकावर पडून राहिलेला माणूस वाचवू शकेल अशी सामग्री त्यांच्यापाशी नव्हती. दोर कमरेभोवती गुंडाळलेला. तो सुती आणि झटका बसला तर तुटणारा. अर्व्हिन हे बळकट वल्हेकरी होते, पण अवघड खडकाचा त्यांचा अनुभव थोडा होता. आणि ज्या कड्यावर माणूस कसाबसा चढतो, तो उतरणे बहुतेक वेळा चढण्याहून कठीण असते.

लहान वस्तू, मोठे परिणाम

मोहिमेच्या मोठ्या साधनांची चर्चा पुष्कळ होते. पण अशा उंचीवर जीव वाचतो किंवा जातो तो अनेकदा लहान गोष्टींमुळे. मॅलरींच्या त्याच चिठ्ठीत, निघताना स्टोव्ह उतारावरून घरंगळत गेला, असा उल्लेख आहे. सपाटीवर ही किरकोळ गैरसोय ठरेल. तिथे मात्र स्टोव्ह म्हणजे पाणी, कारण बर्फ वितळवल्याशिवाय पिण्यास थेंबही मिळत नाही. कोरड्या हवेत धापा टाकताना प्रत्येक उच्छ्वासाबरोबर शरीरातील पाणी उडून जाते. पाणी घटले की रक्त दाट होते, बोटांपर्यंतचा पुरवठा मंदावतो आणि हिमदंश लवकर गाठतो.

त्याच चिठ्ठीत होकायंत्र खालच्या तंबूत राहिल्याचे लिहिले आहे. पुढे 1933 च्या मोहिमेला सहाव्या तळावरील त्या जुन्या तंबूत विजेरी मिळाली. नऊ वर्षांनंतरही ती लागत होती. म्हणजे अंधारात उतरण्याची वेळ आली असेल, तर हाताशी उजेड नव्हता. इतक्या अनुभवी माणसाकडून असे विसरणे का घडावे? प्राणवायू कमी पडला की सर्वांत आधी मंदावतो तो मेंदू. स्मरण, अंदाज आणि धोक्याची जाणीव बोथट होते. आणि आपली विचारशक्ती बोथट झाली आहे, हेही त्या माणसाला कळत नाही.

गॉगलचेही तसेच. चार जूनला खडकांवरून जाताना नॉर्टन यांनी गॉगल काढून ठेवला होता. रात्री त्यांच्या डोळ्यांची आग सुरू झाली आणि त्यानंतर सुमारे साठ तास ते पूर्ण अंध होते. उंची दर हजार मीटरने वाढली की, अतिनील किरणांची तीव्रता साधारण दहा टक्क्यांनी वाढते आणि बर्फ ते किरण पुन्हा डोळ्यांवर फेकते. हे सारे मॅलरींनी पाहिले होते. त्यांच्या देहावर गॉगल सापडला, पण तो खिशात होता. यावरून ते संध्याकाळी किंवा रात्री उतरत असावेत, असा तर्क केला जातो.

हवामानानेही साथ दिली नाही. त्या दुपारी दोनच्या सुमारास हिमवादळ आले आणि दोनेक तासांनी निवळले, असे ओडेल यांनी नोंदवले आहे. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोहिमेच्या वायुदाबाच्या नोंदी पुन्हा तपासण्यात आल्या. या अभ्यासात कॅनडातील संशोधकांबरोबर पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचे माजी संचालक देव राज सिक्का यांचाही सहभाग होता. त्या दिवसांत वायुदाब सुमारे 18 मिलिबारने उतरला होता, असे त्यात दिसून आले. वायुदाब उतरणे म्हणजे शरीराच्या दृष्टीने पर्वत आणखी उंच होणे. जिथे प्रत्येक श्वास आधीच तोकडा, तिथे एवढा फरकही माणसाला कोसळवण्यास पुरेसा ठरतो.

मग उत्तर काय?

1 मे 1999 रोजी अँकर यांना सुमारे 8,155 मीटरवर मॅलरींचा देह सापडला. उजवा पाय मोडलेला, कपाळावर खोल जखम, कमरेभोवती तुटलेला दोर आणि फासळ्यांवर दोराचे वळ. दोघे एका दोराला बांधलेले असताना घसरले असावेत, असे यावरून दिसते. सप्टेंबर 2024 मध्ये पर्वताच्या पायथ्याच्या हिमनदीवर एक जुना बूट आणि पायाचे अवशेष मिळाले. मोज्यावर अर्व्हिन यांचे नाव शिवलेले होते. सॉमरवेल यांनी दिलेला छोटा कॅमेरा मात्र अजून सापडलेला नाही. मॅलरी आपल्या पत्नीचे छायाचित्र शिखरावर ठेवणार होते आणि ते त्यांच्या खिशांत मिळाले नाही, ही गोष्ट आशेने सांगितली जाते; पण एखादी वस्तू न सापडणे हा पुरावा होत नाही.

उपलब्ध गोष्टी एकत्र मांडल्या, तर चित्र असे दिसते. अनुकूलन झालेले शरीर वर जाऊ शकत होते. कपडे चालत्या माणसाला पुरेसे होते. प्राणवायू जवळजवळ पुरणारा होता. कडा कठीण होता, पण अशक्य नव्हता. ओडेल यांना ते दुसऱ्या पायरीवर दिसले असतील, तर दुपारी चारच्या सुमारास शिखर त्यांच्या टप्प्यात येत होते. पहिल्या पायरीवर असतील, तर संध्याकाळचे सहा. दोन्ही वेळांना हिशेब शिखरापर्यंत कसाबसा पोहोचतो आणि तिथेच संपतो. उतरताना लागणारा प्राणवायू, पाणी, उजेड आणि उघड्यावर रात्र काढण्याजोगी ऊब यांतील काहीच त्यांच्यापाशी शिल्लक राहत नाही. म्हणून ‘ते पोहोचू शकले असते काय?’ या प्रश्नाचे उत्तर ‘कदाचित’ असे देता येते. ‘पोहोचून परत येऊ शकले असते काय?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र जवळजवळ नकारार्थीच आहे. जुन्या सामग्रीची खरी उणीव चढाईत नव्हती, राखीव शक्तीत होती.

या हिशेबाची किंमत इतरांनीही मोजली होती. 1922 साली मॅलरींच्याच तिसऱ्या प्रयत्नात हिमकडा कोसळून सात भारवाहक मृत्युमुखी पडले. 1924 साली नोर्बू यिशांग, ल्हाक्पा छेदी आणि सेमचुंबी यांनी ओझी वाहून सहावा तळ उभा केला, म्हणून पुढचे सारे घडू शकले. आणि इंग्लंडमध्ये रूथ मॅलरी आणि त्यांची तीन लहान मुले वाट पाहत होती.

आपल्यासाठी

आपल्यापैकी फार थोडे एव्हरेस्टवर जातील. पण विमानाने लेहला उतरणारी, केदारनाथला जाणारी आणि हिमालयात पदभ्रमण करणारी मराठी कुटुंबे दरवर्षी दिसतात. लेह सुमारे 3,500 मीटरवर आहे आणि केदारनाथही जवळपास तितकेच उंच. नॉर्टन आणि मॅलरी यांना महिनाभराच्या पायपिटीने जे अनुकूलन लाभले, ते आपण दोन तासांच्या विमानप्रवासात गमावतो. म्हणून विमानाने उंचावर पोहोचल्यावर पहिले दोन दिवस विश्रांतीचे ठेवावेत. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे.

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, झोप न येणे आणि नेहमीपेक्षा अधिक थकवा ही उंचीच्या आजाराची पहिली लक्षणे होत. ती दिसली की आणखी वर जाऊ नये. स्वस्थ बसले असतानाही धाप लागणे, खोकल्यातून गुलाबी फेस येणे, चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे ही लक्षणे प्राणघातक असतात. अशा वेळी रात्र सरण्याची वाट न पाहता, सोबत देऊन रुग्णाला ताबडतोब खाली उतरवावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. लहान मुलांना आपला त्रास नीट सांगता येत नाही. मूल चिडचिडे झाले, जेवेना किंवा खेळेना, तर त्याचा अर्थ हवापालट एवढाच लावू नये. मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. हृदय, फुप्फुसे किंवा रक्तदाब यांचा विकार असणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. उंचीच्या आजारासाठीची औषधेही त्यांना विचारूनच घ्यावीत.

कपडे थरांचे असावेत, गॉगल डोळ्यांवर असावा, पाण्याची बाटली आणि विजेरी पिशवीत असावी. सकाळी निघतानाच परतीची वेळ ठरवावी आणि ती सोबतच्या सर्वांना सांगून ठेवावी. कारण वर गेल्यावर ती ठरवणारा मेंदू सकाळचा राहत नाही. ठरलेली वेळ झाली की ठिकाण समोर दिसत असले तरी वळावे. एडवर्ड नॉर्टन दुपारी एक वाजता वळले आणि त्यानंतर तीस वर्षे जगले. हिलरी-तेनसिंग शिखरावर पोहोचल्याची वार्ता त्यांनी ऐकली, ती घरी बसून.